पिकअप, स्पीड आणि ओझं

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस आज मोटारीच्या वजनावर काय बोलणार, ही शंका मला पहिल्या दोन रांगांत स्पष्ट दिसते आहे. (हशा) शंका रास्त आहे. पण विषय मीच मागून घेतला, आणि तो का मागितला ते व्याख्यानाच्या मध्यावर सांगेन. जे ऑनलाइन ऐकत आहेत त्यांनी जमलं तर कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. थोडं अंकगणित आहे, पण गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचं नाही.

प्रश्न साधा आहे. गाडीचं वजन कमी केलं तर ती जास्त पळेल का? कोणीही म्हणेल, पळेल की. त्यात काय विचारायचं? पण "पळेल" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे आपल्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला चांगलं ठाऊक असतं. तुम्ही तक्रार घेऊन गेलात की तो पहिला प्रश्न हाच विचारतो: "साहेब, पिकअप कमी झालंय, की गाडी स्पीड धरत नाहीये?" पिकअप म्हणजे वेग किती झपाट्याने वाढतो ते. शाळेच्या पुस्तकात त्याला त्वरण म्हणतात. स्पीड म्हणजे प्रत्यक्ष वेग. पहिलं म्हणजे दुसऱ्यातला बदल. हा भेद मिस्त्री सहज करतो. माणसाच्या विचाराला मात्र तो करायला जवळजवळ दोन हजार वर्षं लागली.

ॲरिस्टॉटलचं उदाहरण घ्या. 'फिजिक्स' या ग्रंथाच्या सातव्या भागात तो असं मांडतो की एखादं बल एखादं ओझं ठरावीक वेळात ठरावीक अंतर नेत असेल, तर तेच बल अर्धं ओझं तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर नेईल. म्हणजे ओझं निम्मं, तर वेग दुप्पट. हे ऐकायला अगदी पटतं, कारण बैलगाडी ओढणाऱ्याचा, हमालाचा अनुभव साधारण असाच असतो. ॲरिस्टॉटल काही भाबडा नव्हता. त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की उलटं गणित नेहमी चालत नाही. पुष्कळ माणसं मिळून जहाज ओढतात म्हणून एकटा माणूस ते थोडंसं तरी हलवेल, असं नाही. पण त्याची मूळ समजूत अशी की बलामुळे वेग मिळतो.

१६८७ साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध झाला आणि या समजुतीच्या जागी दुसरी आली. बलामुळे वेग मिळत नाही, बलामुळे वेग बदलतो. चालत्या वस्तूला चालत राहायला कारण लागत नाही. बदलायला कारण लागतं. आणि त्या बदलाला वस्तू जो विरोध करते, त्याचं माप म्हणजे वस्तुमान. बल तेवढंच ठेवून वस्तुमान निम्मं केलं तर दुप्पट होतं ते त्वरण. मिस्त्रीच्या भाषेत, दुप्पट होतं ते पिकअप. स्पीडबद्दल न्यूटनचा नियम इथे काहीच आश्वासन देत नाही.

इथे एक शब्द नीट करून घेऊ. आपण सरसकट "वजन" म्हणतो, पण सपाट रस्त्यावर गाडीचा वेग वाढवताना आपण लढतो ते वजनाशी नाही, जडत्वाशी. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक छोटी गाडी चालवली. ती २१० किलोची होती. चंद्रावर तिचं वजन पृथ्वीवरच्या एक षष्ठांश भरत होतं, म्हणून ती उचलायला सोपी. पण तिचा वेग वाढवायला किंवा तिला थांबवायला लागणारं बल चंद्रावरही तेवढंच. उचलताना आड येतं ते गुरुत्व, ढकलताना आड येतं ते जडत्व. आपल्या वैशेषिकांनी गुरुत्वाची व्याख्या पतनाचं कारण अशीच केली आणि वेग हा वेगळा गुण, संस्काराचा एक प्रकार मानला. त्यांची मांडणी न्यूटनची नव्हे, तसा दावा मी करत नाही. पण या गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या, ही सवय मला त्यांच्याकडून लागली. आज ती उपयोगी पडणार आहे.

आता गाडीकडे. इंजिनाची ताकद आपण हॉर्सपॉवरमध्ये सांगतो. मी एक घरगुती माप वापरतो: एका घोड्याच्या वाट्याला किती किलो? जुनी मारुती ८०० घ्या. गाडी साधारण ६५० किलो, इंजिन ३७ हॉर्सपॉवर. ७० किलोचा चालक धरला तर ७२० किलो. ७२० भागिले ३७, म्हणजे एका घोड्यामागे साडेएकोणीस किलो. आता तीत आणखी चार मोठी माणसं आणि बॅगा मिळून ३०० किलो भरा. एकूण १०२० किलो. घोडे तेवढेच, वाट्याला साडेसत्तावीस किलो.

यातून पहिला नियम निघतो. फायदा किंवा तोटा मोजायचा तो किलोत नाही, प्रमाणात. ५० किलोची गोणी मारुतीतून उतरवली तर ७२० मधले ५० गेले, म्हणजे जवळजवळ सात टक्के. तीच गोणी दोन हजार किलोच्या मोठ्या गाडीतून उतरवली तर अडीच टक्के. गोणी तीच, उपकार वेगळे. ढोबळ हिशोब असा, की एकूण वस्तुमान जितके टक्के कमी, तितकेच टक्के वेळ वेग वाढवायला कमी लागतो.

पण हा ढोबळ हिशोब कुठे चालतो आणि कुठे चालत नाही? माझ्या दृष्टीने खरी गंमत इथे आहे. गाडीचं पिकअप प्रत्येक वेळी एकाच गोष्टीने अडलेलं नसतं.

सुरुवातीला, ताकदवान गाडी जागेवरून निघते तेव्हा, ती टायरच्या पकडीने अडलेली असते. इंजिन देऊ शकतं त्याहून कमी बल रस्ता घेऊ शकतो. जास्त दाबलं तर चाक जागच्या जागी फिरतं. पावसाळ्यात चिखलात आपण सगळ्यांनीच हे पाहिलंय. आता ही पकड कशावर ठरते? चाकावर पडणाऱ्या भारावर. गाडी निम्मी हलकी केली तर ढकलायचं वस्तुमान निम्मं झालं, पण पकडही जवळजवळ निम्मी झाली. भागाकारात दोन्ही कटतात. म्हणजे या टप्प्यावर वजन घटवून जवळजवळ काहीच हाती लागत नाही. इथे टायर चांगला हवा.

दुसरं टोक म्हणजे गाडीचा कमाल वेग. तिथे इंजिनाची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. हवेचा विरोध गाडीच्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट. गाडीत कोण बसलंय, डिकीत काय आहे, याची हवेला फिकीर नसते. त्यामुळे सपाट रस्त्यावर १०० किलो उतरवले तरी कमाल वेग फारसा वाढत नाही. रस्त्यावर चाक लोळताना जो थोडा विरोध होतो तेवढा घटतो, बस.

या दोन टोकांच्या मधला जो टप्पा आहे, तिथे इंजिनाच्या शक्तीची मर्यादा असते. वजन कमी करण्याचा पुरेपूर फायदा मिळतो तो तिथे. आणि आपलं बहुतेक ड्रायव्हिंग याच टप्प्यात होतं. ओव्हरटेक तर नक्कीच.

आता मी विषय का मागितला ते सांगतो.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे एक छोटी गाडी होती. एका कामासाठी मी रत्नागिरीला एकटाच जाऊन आलो. येताना आंबा घाटाच्या चढावर दोन-तीन ट्रक आरामात मागे टाकले. गाडी हातात बसली, असं आपण म्हणतो, तसं वाटलं. पंधरवड्याने तीच गाडी, तोच घाट, तोच मी. फरक एवढाच की बरोबर पत्नी, आई, दोन्ही मुलं आणि कोकणातून निघताना नातेवाइकांनी प्रेमाने लादलेले नारळ आणि आमसुलं. तसाच एक ट्रक समोर आला. मागच्या वेळी जेवढा मोकळा रस्ता पुरला होता तेवढाच दिसत होता. मी बाहेर काढली गाडी. ट्रकच्या मध्यापर्यंत गेलो आणि पुढे जाईचना. पाय तळापर्यंत दाबलेला, काटा हलत नाही, आणि वरच्या वळणावरून एस.टी. उतरताना दिसली.

त्या ट्रकवाल्याने ब्रेक मारून आम्हाला आत घेतलं. म्हणून मी आज इथे उभा आहे. घाट चढून आंबा गावात चहाला थांबलो, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मागच्या वेळी एकटा होतास ना रे?" आईचं शिक्षण चौथीपर्यंत. पण निदान अचूक होतं. दोष गाडीचा नव्हता, रस्त्याचाही नव्हता. पंधरवड्यापूर्वीचा अनुभव मी तसाच्या तसा उचलून दुसऱ्या परिस्थितीला लावला. तर्कशास्त्राच्या वर्गात ज्या चुकीला मी विद्यार्थ्यांचे गुण कापत असे, तीच.

नंतर मी हे गणित मांडून बसलो. तेच तुमच्यापुढे ठेवतो. आकडे मारुती ८०० चे घेऊ, म्हणजे मघाचा हिशोब पुढे नेता येईल. ३७ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे २७ किलोवॅट. पण एवढी शक्ती इंजिन पूर्ण फेऱ्यांवर असतानाच मिळते. गिअरमधली घट, हवेचा आणि चाकाचा विरोध वजा करता वेग वाढवायला १५ किलोवॅट उरतात असं गणितापुरतं धरू.

वेग ताशी ५० वरून ७० किलोमीटरवर न्यायचा आहे. चालत्या वस्तूची ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचं निम्मं गुणिले वेगाचा वर्ग. त्या हिशोबाने दर किलोमागे सुमारे ९३ ज्यूल ऊर्जा घालावी लागते. ७२० किलोसाठी झाली ६७ हजार ज्यूल. १०२० किलोसाठी ९४ हजारांच्या वर. १५ किलोवॅट म्हणजे सेकंदाला १५ हजार ज्यूल. भागाकार करा. एकट्याने: साधारण साडेचार सेकंद. भरलेल्या गाडीने: सव्वासहा सेकंद. वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं, वेळही तेवढाच वाढला. इथपर्यंत नियम ठीक.

आता हाच रस्ता चढाचा करा. फार नाही, २० मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. आपल्या घाटांत याहून उभे चढ आहेत. चढावर गुरुत्व गाडीला मागे ओढतं, आणि त्या ओढीविरुद्ध नुसतं टिकून राहायलाच शक्ती खर्च होते. ताशी ६० च्या आसपास ७२० किलोच्या गाडीला त्यासाठी सुमारे ६ किलोवॅट लागतात, १०२० किलोच्या गाडीला ८ किलोवॅटहून थोडे जास्त. हे १५ मधून वजा करा. एकट्याच्या गाडीकडे वेग वाढवायला उरले ९, भरलेल्या गाडीकडे पावणेसात. म्हणजे ज्या गाडीला जास्त ऊर्जा हवी आहे, तिच्याकडेच शक्ती कमी शिल्लक. पुन्हा भागाकार करा. एकट्याने सव्वासात सेकंद. भरलेल्या गाडीने चौदा सेकंद!

लक्षात घ्या काय झालं. ओझं ४० टक्क्यांनी वाढलं, वेळ मात्र दुप्पट होत आला. सपाटीवर ओझं एकदाच पैसे वसूल करतं, जडत्वाच्या नावाने. घाटात ते दोनदा वसूल करतं. एकदा जडत्वाच्या नावाने, एकदा गुरुत्वाच्या नावाने. त्या दिवशी मी ट्रकच्या शेजारी अडकलो तो या दुसऱ्या वसुलीमुळे.

हे मीटरमध्ये मांडलं की अंगावर येतं. सरासरी ताशी ६० ने चौदा सेकंदांत गाडी सुमारे २३५ मीटर जाते. समोरून तेवढ्याच वेगाने वाहन येत असेल तर तेही २३५ मीटर जवळ येतं. एकूण ४७० मीटर. एकट्याला त्याच वेगवाढीत सुमारे २४५ मीटर खपतात. दोन्हींतला फरक सव्वादोनशे मीटर. घाटाच्या वळणावर एवढा फरक नजरेला दिसतच नाही, तो आधी डोक्यात असावा लागतो.

मग वजन कमी करायचं तर कसं? तरुण मंडळींत गाडीतून काय काय काढून टाकण्याची हौस असते. स्टेपनी काढतात, मागची सीट काढतात, काही जण तर दाराच्या आतलं पत्र्याचं मजबुतीकरणही काढायला निघतात. छोट्या गाडीची स्टेपनी दहा-बारा किलो. १०२० मध्ये ती एक टक्का. चौदा सेकंदांत तिने वाचवला तर जेमतेम एक तृतीयांश सेकंद. त्याच्या बदल्यात रात्री रस्त्यात उभं राहायची तयारी ठेवायची. दारातलं लोखंड तर अपघातात तुमच्या बरगड्यांच्या आधी वाकण्यासाठी असतं. तिथे टक्क्यांचा हिशोब करूच नये. उलट वर्षभर डिकीत पडून असलेलं सामान, कॅरिअरवरचं ओझं, हे उतरवण्यात खर्च नाही आणि धोकाही नाही. पेट्रोल एक लिटर म्हणजे साधारण पाऊण किलो. टाकी अर्धी ठेवून काही साधत नाही.

एक बारकावा. फिरणाऱ्या भागांचं वजन जास्त महाग पडतं. चाकाच्या अगदी कडेला, टायरच्या पट्ट्यावर असलेला एक किलो गाडीबरोबर पुढेही जातो आणि गोलही फिरतो. दोन्ही गतींसाठी ऊर्जा लागते, म्हणून तो हिशोबात दोन किलोंसारखा धरावा लागतो. दिसायला छान म्हणून मोठी, जड चाकं बसवून घेणारे लोक पिकअप विकून शोभा विकत घेतात.

हलकेपणाचा विचार ज्यांनी मुळापासून केला त्यांत इंग्लंडच्या लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचं नाव अग्रभागी. त्यांच्या पश्चात, १९९६ साली, त्याच परंपरेतली लोटस एलिस विक्रीला आली. सांगाडा ॲल्युमिनियमचा, तोही चक्क चिकटवून जोडलेला. गाडी सुमारे ७२५ किलो, इंजिन फक्त ११८ हॉर्सपॉवर. एका घोड्याच्या वाट्याला सहा किलोंच्या आसपास, आणि शून्यावरून शंभर साधारण सहा सेकंदांत. त्याच पिकअपसाठी दुप्पट वजनाच्या गाडीला २३६ हॉर्सपॉवर लागतील. मग इंजिन मोठं, त्याला पेलायला सांगाडा भक्कम, थांबवायला ब्रेक मोठे, आणि या सगळ्यांनी पुन्हा वजन वाढलं. हलकेपणाचं चक्र उलट्या दिशेने फिरतं. एक भाग हलका झाला की दुसऱ्यालाही हलकं होता येतं.

एक चिठ्ठी आली आहे: "सर, इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीमुळे इतक्या जड, तरी त्या सणकून कशा पळतात?" चांगला प्रश्न. उत्तर आपल्याच मापात आहे. टेस्लाची मॉडेल एस प्लेड दोन टनांहून जड आहे, पण तिची शक्ती हजार हॉर्सपॉवरच्या वर. घोड्यामागे दोन किलोंच्या आसपास. शिवाय विजेची मोटर अगदी जागेवरूनच पूर्ण जोर देते, फेऱ्या वाढण्याची वाट पाहत नाही. म्हणजे नियम मोडला नाही. भागाकारातला वरचा आकडा वाढला तसा खालचाही वाढवला. पण जितकी ऊर्जा घालून वेग वाढवला, तितकी थांबताना काढून घ्यावी लागते. त्यातली काही बॅटरीत परत भरता येते. धडक झाली तर मात्र तिचा बराच भाग समोर जे असेल त्यावर जातो. जड गाडीच्या पिकअपची किंमत कधी कधी दुसऱ्याला मोजावी लागते.

तर आवरतं घेतो. वजन कमी केलं तर स्पीड जवळजवळ तेवढाच राहतो, पिकअप वाढतं. ते प्रमाणात वाढतं, आणि चढावर प्रमाणाच्याही बाहेर वाढतं. हे वाक्य उलट बाजूने वाचलंत तर ते गाडी भरून निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी आहे. गणपतीला, मे महिन्यात, लग्नाला, आपण पाच-सहा माणसं आणि डिकीभर सामान घेऊन घाट चढतो, आणि पायाला सवय असते ती रोज ऑफिसला एकट्याने जाण्याची. त्या दिवशी गाडी तीच असली तरी तिचं वस्तुमान ते नसतं. ओव्हरटेक करायची इच्छा झाली की मनात एकदा माणसं मोजा. रोज पुरतो त्याच्या दुप्पट रस्ता मोकळा दिसत नसेल तर ट्रकच्या मागे राहा. दहा मिनिटांनी उशिरा पोहोचाल, चहा तिथेच मिळेल.